समुद्रांतील अरण्यें आणि कर्बाचा हिशेब

अरण्य हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें साग, ऐन, खैर, जांभूळ असे वृक्ष उभे राहतात. पायांखालीं पाचोळा वाजूं लागतो आणि दूर कोठें तरी मोराची केका ऐकूं येते. अरण्य म्हणजे जमिनीवरच असावयाचें, असें आपण धरून चालतों. परंतु पृथ्वीच्या पाठीवर कांहीं अरण्यें अशीं आहेत, कीं त्यांच्या शेंड्यांवरून होडी वल्हवीत जातां येतें, आणि त्यांच्या पानांमधून पक्ष्यांऐवजीं मासे हिंडतात. हीं अरण्यें समुद्रांतील शेवाळाचीं होत. हवेंत वाढत चाललेल्या कर्बवायूचें संकट निवारण्याच्या कामीं या अरण्यांचा कितपत उपयोग होईल, याविषयीं अलीकडे वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें. कोणी म्हणतो, समुद्रांत शेवाळ पेरलें कीं जगाचें काम झालें. कोणी म्हणतो, हें सारें थोतांड आहे. खरा प्रकार काय आहे, तो थोडा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या अरण्यांचें मोल ज्यांनीं लवकर ओळखलें त्यांत चार्ल्स डार्विन याचें नांव घ्यावें लागेल. ‘बीगल’ जहाजावरील प्रवासांत १८३४ सालीं तो दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकाशीं, टिएरा देल फ्युगोच्या परिसरांत होता. तेथील थंडगार समुद्रांत त्याला प्रचंड शैवलें दिसलीं. त्यांचा खडकाला धरलेला गुंता उपटून झटकला असतां त्यांतून लहान मासे, शिंपले, खेंकडे, तारामासे यांचा ढीग खालीं पडे, आणि तो पुन्हां पुन्हां पाहिला तरी दर वेळीं कांहीं नवा प्राणी सांपडे. एखाद्या देशांतील जंगल तोडलें तर जितक्या जातींचे प्राणी नष्ट होतील, त्यांहून पुष्कळ अधिक जाती हें शैवल नाहींसें झाल्यास नष्ट होतील, असा अभिप्राय त्यानें लिहून ठेविला. डार्विनच्या डोळ्यांपुढें कर्बवायूचा प्रश्न नव्हता; तरी हा अभिप्राय आपणांस पुढें उपयोगी पडणार आहे.

समुद्रशैवल हें वृक्षासारखें दिसलें तरी वृक्ष नव्हे. त्याला मूळ नाहीं. ज्याला आपण मूळ समजूं तो केवळ खडकाला घट्ट धरून राहणारा पंजा असतो. अन्न शोषण्याचें काम तो करीत नाहीं. पाण्यांत विरघळलेलें अन्न शैवल आपल्या सर्वांगानें घेतें. त्याला फूल नाहीं, बीं नाहीं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लांकूड नाहीं. लाटांचे तडाखे सहन करावयाचे तर ताठ राहून चालत नाहीं. म्हणून त्याचा देंठ लवचीक असतो. रंगावरून त्याचे हिरवें, तपकिरी व तांबडें असे तीन मोठे वर्ग करतात. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यांत मोठ्या ओहोटीच्या वेळीं गेल्यास सरगॅसम नांवाचें तपकिरी शैवल पाहावयास मिळतें. त्याच्या पानांजवळ मिऱ्यांएवढे गोल फुगे असतात. ते हवेनें भरलेले असल्यामुळें शैवल पाण्यांत उभें राहतें व त्याचीं पानें प्रकाशाकडे जातात. मुलांना हे फुगे बोटांनीं फोडण्यांत मोठी मौज वाटते. थंड समुद्रांतील महाकाय शैवल, ज्याला केल्प म्हणतात, याच तपकिरी वर्गांतील होय. मात्र त्याची उंची पंचेचाळीस मीटरांपर्यंत जाते आणि सर्व अनुकूल असेल तर तें एका दिवसांत सुमारें अर्धा मीटर वाढतें. बांबू सोडला तर एवढी घाई करणारी वनस्पति आपल्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

आतां कर्बाकडे वळूं. वनस्पति सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें कर्बवायूपासून, म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइडपासून, आपलें शरीर बनवितात. हवेंत हा वायु फार थोडा असतो. कारखान्यांचें युग सुरूं होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं मोजमाप सुरूं केलें तेव्हां ते ३१५ च्या आसपास भरले. आणि आज हा आंकडा ४२० च्याही वर गेला आहे. हा वायु पृथ्वीची उष्णता बाहेर निसटूं देत नाहीं. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळून मनुष्य दर वर्षीं सुमारें दहा अब्ज टन कर्ब हवेंत सोडतो. मनुष्य जेवढा कर्बवायु हवेंत सोडतो त्यापैकीं जवळ जवळ चौथा हिस्सा समुद्र आपल्या पोटांत घेतो. समुद्राचें पोट मोठें खरें. हवेंत जेवढा कर्ब आहे त्याच्या चाळीस पटींहून अधिक समुद्रांत आहे. परंतु या घांसानें समुद्राचें पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकत चाललें आहे, आणि शिंपले व पोंवळीं यांस आपलें कवच बांधणें अवघड होत आहे. समुद्राची ही सेवा फुकट मिळते असें समजूं नये.

शैवल आपला कर्ब हवेंतून नव्हे, तर पाण्यांतून घेतें. पाण्यांतील कर्बवायु कमी झाला म्हणजे पाणी तेवढा वायु हवेंतून ओढून घेऊं लागतें. ही भरपाई सावकाश होते; मध्येंच तें पाणी खालीं बुडालें तर ती अपुरीही राहते. एकंदरींत पाहतां शैवल वाढलें म्हणजे हवेंतील कांहीं कर्ब त्याच्या अंगांत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. येथपर्यंत शैवलाचे पक्षपाती बरोबर आहेत. चूक होते ती यापुढें.

एखादा गृहस्थ रोज सकाळीं पेढीवर हजार रुपये भरतो आणि रोज सायंकाळीं त्यांतील नऊशें नव्वद काढून घेतो. वर्षाच्या शेवटीं त्यानें किती भरले हें विचारण्यांत अर्थ नाहीं. शिल्लक किती राहिली हेंच विचारलें पाहिजे. सागाचें झाड कर्ब घेतें आणि तो लांकडाच्या रूपानें शंभर शंभर वर्षें संभाळतें. शैवलाजवळ लांकूड नसल्यामुळें अशी पेटी त्याच्यापाशीं नाहीं. त्याचीं पानें कांहीं महिन्यांत झडतात. बरींचशीं मासे, गोगलगाई व इतर जीव खाऊन टाकतात. कांहीं किनाऱ्यावर येऊन कुजतात. आणि त्यांतील कर्ब श्वासावाटें किंवा कुजण्यावाटें पुन्हां वायुरूपानें मोकळा होतो. म्हणून शैवल किती वाढलें यापेक्षां तें शेवटीं कोठें गेलें, या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे.

याचें एक ठळक उदाहरण अटलांटिक महासागरांत पाहावयास मिळतें. सरगॅसमच्या कांहीं जाती खडकाला न धरतां पाण्यावर तरंगतच आयुष्य काढतात. कोलंबसाच्या जहाजांनीं १४९२ सालीं ज्या शैवलमय समुद्रांतून वाट काढली तो सरगॅसो समुद्र त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. २०११ सालापासून हें शैवल त्या जुन्या समुद्राच्या दक्षिणेस, आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, पट्ट्याच्या रूपानें वाढूं लागलें. २०१८ सालीं या पट्ट्याची लांबी ८,८०० किलोमीटरांहून अधिक व वजन दोन कोटि टनांच्या घरांत गेलें होतें. केवळ वाढ हीच मोजावयाची असती तर हा मोठा लाभ म्हणावा लागला असता. प्रत्यक्षांत त्यांतील पुष्कळसें कॅरिबियन बेटांच्या वाळूवर येऊन कुजतें, त्यांतून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायु सुटतो, व कोळ्यांच्या होड्या अडकून पडतात. तेथील लोकांना शैवलाचीं स्तुतिस्तोत्रें ऐकवण्यांत अर्थ नाहीं.

मग शिल्लक मुळींच राहत नाहीं कीं काय? राहते, परंतु ती शैवल जेथें उगवतें तेथें नव्हे, दूरच्या अंधारांत. वादळानें उपटलेलीं शैवलें व त्यांचे तुकडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मॉन्टेरे व कार्मेल येथें समुद्राच्या तळाशीं खोल दऱ्या आहेत, आणि त्यांचीं मुखें केल्पच्या अरण्यांच्या अगदीं शेजारीं आहेत. आपल्या सह्याद्रीच्या कड्यावरून पाचोळा जसा कोंकणांत उतरतो, तसा तेथें झडलेला केल्प या दऱ्यांतून खालीं उतरतो व तळाच्या प्राण्यांचें पोषण करतो. तरंगणाऱ्या सरगॅसमचे फुगे वाऱ्यानें उठलेल्या प्रवाहांत सांपडून फार खोल ओढले गेले, तर पाण्याच्या दाबानें निकामी होतात व तें शैवल पुन्हां वर येत नाहीं. सुमारें एक हजार मीटर खोलीच्या खालीं गेलेला कर्ब तेथें वायुरूप झाला तरी त्या खोलींतील पाणी पृष्ठभागावर परत येण्यास शतकें लागतात. तोंवर तो हवेच्या हिशेबांतून वजा झालेला असतो. शिवाय वाढत असतां शैवलाच्या अंगांतून कांहीं कर्बयुक्त द्रव्यें पाण्यांत झिरपतात. त्यांतील कांहीं सहज कुजत नाहींत, आणि तींही पाण्याबरोबर खालीं जातात.

या सर्वांचा मेळ घालून डोर्टे क्राउसे-येन्सन व कार्लोस दुआर्ते या दोन शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं एक अंदाज प्रसिद्ध केला. जगांतील समुद्रशैवलें दर वर्षीं सुमारें १७ कोटि ३० लक्ष टन कर्ब दीर्घकाळासाठीं दूर ठेवीत असावींत, आणि त्यांतील सुमारें नऊ दशांश भाग खोल समुद्रांत जाणारा असावा, असें त्यांचें म्हणणें आहे. अंदाज किती सैल आहे हेंही त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें : खरा आंकडा सहा कोटींपासून जवळ जवळ सत्तावीस कोटींपर्यंत कोठेंही असूं शकेल. मधला आंकडा घेतला तरी मनुष्यानें सोडलेल्या दहा अब्ज टनांशीं त्याचें प्रमाण शंभर रुपयांस पावणेदोन रुपये एवढें पडतें. शिवाय हे पावणेदोन रुपये शैवलें पूर्वींपासून भरीतच आलीं आहेत. कर्ज वाढत असतांनाही ते भरले जात होते. त्यांना नवी मिळकत समजून चालणार नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं मग आपण शैवलाची शेती वाढवावी. ही शेती कांहीं नवी नव्हे. चीन, जपान, कोरिया, इंडोनेशिया येथें ती मोठ्या प्रमाणावर चालते, आणि जगांत दर वर्षीं सुमारें साडेतीन कोटि टन ओलें शैवल पिकविलें जातें. हा आंकडा डोळे दिपविणारा आहे. पण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाटी घेऊन बसावें. ओल्या शैवलांत बहुतेक पाणीच असतें. वाळविल्यावर साधारण दहावा हिस्सा राहतो, म्हणजे पस्तीस लक्ष टन. त्यांत कर्ब फार तर तिसरा हिस्सा, म्हणजे दहा बारा लक्ष टन. आतां दहा अब्जांस दहा लक्षांनीं भागा. उत्तर येतें दहा हजार! म्हणजे जगांतील सर्व शैवलशेतीचें पीक एक कणही न खातां समुद्रतळाशीं पुरून टाकलें, तरी दर दहा हजार टनांमागें एक टन, एवढीच फेड होईल. आणि हें पीक तर लोक खातात, किंवा त्यापासून अगर-अगर व कॅराजीनन यांसारखे चिकट पदार्थ काढतात. म्हणजे त्यांतील कर्बही बहुतांशीं परत हवेंत येतो.

तरीही मुद्दाम पीक काढून तें खोल समुद्रांत बुडवावें, अशा योजना निघाल्या. अमेरिकेंतील मेन संस्थानांतल्या रनिंग टाइड नांवाच्या कंपनीनें केल्प वाढवून बुडविण्याचा मनोदय जाहीर केला होता. पुढें २०२३ सालीं तिनें आइसलंडजवळच्या समुद्रांत लांकडाच्या ढलप्या सोडल्या, आणि २०२४ सालीं ती बंदच पडली. या योजनांवर शास्त्रज्ञांचे आक्षेप गंभीर आहेत. शैवल वाढतांना पाण्यांतील नत्र व स्फुर खातें. तेवढें अन्न सूक्ष्म वनस्पतींच्या तोंडचें काढलें जातें, आणि त्याही कर्ब घेतच होत्या. तळाशीं ढीग घातला तर तो कुजतांना तेथील प्राणवायु संपतो, व ज्या जीवांना आपण अद्याप धड पाहिलेंही नाहीं ते गुदमरतात. प्रस्तुत लेखकास तर असें वाटतें, कीं घरांतला केर शेजाऱ्याच्या अंगणांत टाकून घर स्वच्छ झालें म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

यावरून शैवलशेती निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी घेऊं नये. तिच्यासाठीं नांगरट लागत नाहीं, गोडें पाणी लागत नाहीं, आणि तामिळनाडूंत रामेश्वर व मंडपम् यांच्या किनाऱ्यावर अनेक कोळी कुटुंबांना तिनें रोजगार दिला आहे. सावधगिरी मात्र हवी : त्याच भागांत लागवडीसाठीं आणलेलें कॅपाफायकस हें परदेशी शैवल मन्नारच्या आखातांतील कुरुसडै बेटाजवळ पोंवळ्यांवर पसरल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. शैवलाचा आणखी एक उपयोग कर्बाच्या हिशेबाबाहेरचा, पण हवामानाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. गाईबैल रवंथ करतात तेव्हां त्यांच्या पोटांतून मिथेन वायु निघतो, व तो कर्बवायूपेक्षां कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत एकवीस जनावरांना सुमारें पांच महिने ॲस्परागॉप्सिस नांवाचें तांबडें शैवल रोज थोडेसें चाऱ्यांतून देण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या मिथेनमध्यें ८२ टक्क्यांपर्यंत घट झाली, असें २०२१ सालीं जाहीर झालें. हें ज्या द्रव्यामुळें होतें तें ब्रोमोफॉर्म जनावरांस व दूध पिणाऱ्यांस कितपत निर्धोक आहे, ही तपासणी अर्थातच महत्त्वाची आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. जीं पावणेदोन रुपयांची फेड समुद्रांतील अरण्यें आपण होऊन करीत आलीं, ती तरी चालूं राहील काय? येथेंच खरी काळजी आहे. आणि तिची हकीकत एका केसाळ प्राण्यापासून सुरूं होते.

उत्तर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजर राहतें. त्याच्या अंगावरील लोंकर सर्व प्राण्यांत दाट असते. तें पाण्यावर उताणें पडून, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले आपटून फोडतें, आणि झोंपतांना प्रवाहानें वाहून जाऊं नये म्हणून केल्पचीं पानें अंगाभोंवतीं गुंडाळून घेतें. १७४१ सालीं बेरिंगची सफर या प्रदेशांत गेली, तिच्यांतील परतलेल्या लोकांनीं या प्राण्याचीं कातडीं आणलीं आणि शिकाऱ्यांची झुंबड उडाली. एके काळीं दीड ते तीन लक्ष असावीं असा ज्यांचा अंदाज आहे, तीं पाणमांजरें १९११ सालीं राष्ट्रांनीं करार करून शिकार थांबविली तेव्हां एक दोन हजारच उरलीं होतीं. कॅलिफोर्नियांत तर तीं नाहींशींच झालीं अशी समजूत होती. १९३८ सालीं बिग सर येथें एक लहानसा कळप लोकांच्या दृष्टीस पडला.

पाणमांजर गेल्यानें केल्पचें काय बिघडलें? पाणमांजराचें आवडतें खाद्य म्हणजे साळिंदरासारखे कांटे असलेला वाटोळा सागरी प्राणी. त्यास आपण समुद्रसाळिंदर म्हणूं. हा प्राणी केल्प खातो, आणि तोही पंजाजवळ कुरतडून, म्हणजे सबंध झाड सुटून वाहून जातें. जेम्स एस्टेस व जॉन पाल्मिसानो यांनीं अलास्काच्या ॲल्यूशन बेटांची तुलना केली : ज्या बेटांभोंवतीं पाणमांजरें परत आलीं होतीं तेथें केल्पचें घनदाट अरण्य होतें, ज्यांच्याभोंवतीं नव्हतीं तेथें तळावर समुद्रसाळिंदरांचा गालिचा आणि उघडे खडक. त्यांचा निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला व आज तो जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेला आहे. कातडीं विकणाऱ्या व्यापाऱ्याला आपण पाण्याखालचें जंगल तोडीत आहों याची कल्पना स्वप्नांतही नसेल.

उत्तर कॅलिफोर्नियांत पाणमांजरें परत आलींच नाहींत. तेथें समुद्रसाळिंदरांना आवर घालणारा दुसरा एक पहारेकरी होता : सूर्यफुलासारखा, वीस चोवीस हातांचा, एक मीटरपर्यंत रुंद असा तारामासा. २०१३ सालीं एक रोग आला व हे तारे अक्षरशः विरघळून जाऊं लागले. नव्वद टक्क्यांहून अधिक मेले. त्यापाठोपाठ २०१४ ते २०१६ पर्यंत पॅसिफिक महासागराचें पाणी विलक्षण तापलें. ऊन पाण्यांत नत्र कमी असतो, त्यामुळें केल्पची उपासमार झाली. पहारेकरी मेलेला आणि धनी आजारी, अशा घरांत चोरांनीं शिरावें तसे समुद्रसाळिंदर शिरले. सुमारें साडेतीनशें किलोमीटर किनाऱ्यावरील नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प थोड्या वर्षांत नाहींसा झाला. केल्पवर जगणारी तांबडी ॲबलोन ही मोठी गोगलगाय उपाशी मरूं लागली, व २०१८ सालीं तिची मासेमारी बंद करावी लागली. समुद्रसाळिंदर मात्र उपाशी राहूनही वर्षानुवर्षें जिवंत राहतात, आणि नवा कोंब दिसला कीं तो खाऊन टाकतात. जंगलाबरोबर जातीच्या जाती जातील, हें डार्विनचें म्हणणें असें डोळ्यांपुढें आलें. शिवाय, जें शैवल उगवलेंच नाहीं तें खोल दरींत कोठून उतरणार?

येथें चक्र पुरें होतें. कर्बवायूमुळें समुद्र तापतो, तापलेल्या समुद्रांत शैवलाचें अरण्य मरतें, आणि अरण्य मेलें कीं त्याच्याकडून होणारी कर्बाची फेड थांबते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर २०११ सालच्या अशाच उष्णतेच्या लाटेनंतर सुमारें शंभर किलोमीटर लांबीचें केल्पचें अरण्य गेलें. टास्मानियाच्या पूर्वेस महाकाय केल्प आतां तुरळकच उरला आहे. पाण्याचें तापमान दोन तीन अंश वाढलें तर आपणांस त्याचें विशेष वाटणार नाहीं. थंड पाण्यांतील केल्पला मात्र तो मृत्यूचा निरोप ठरतो.

कॅलिफोर्नियांत मॉन्टेरे व कॅस्पर कोव्ह येथें स्वयंसेवक पाणबुड्यांनीं परवानगी घेऊन हातोड्यांनीं एकेक समुद्रसाळिंदर फोडला. जेथें खडक मोकळा राहिला अशा कांहीं जागीं केल्पचे कोंब पुन्हां फुटले. ताऱ्यांना मारणारा रोग व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नांवाच्या जंतूमुळें होतो, हें २०२५ सालीं सिद्ध झालें; कॉलऱ्याचा जंतु त्याचाच भाऊबंद. वॉशिंग्टन संस्थानांतील फ्रायडे हार्बर येथील प्रयोगशाळेंत २०१९ सालापासून हे तारे अंड्यांतून वाढविले जात आहेत. आरंभीं ते इतके लहान असतात, कीं त्यांना पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. आणि त्या वयांतही समुद्रसाळिंदराचीं बारीक पिलें पुढें टाकलीं तर ते तीं गट्ट करतात.